फँटसी झोन (व्हिडिओ गेम)

फँटसी झोन हा सेगा या जपानी कंपनीने १९८६ साली आर्केड यंत्रांसाठी प्रकाशित केलेला सरकत्या पडद्याचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम आहे. योजी इशी हे त्याचे रचनाकार आणि हिरोशी कावागुची हे संगीतकार होत. पंख आणि पाय असलेले ओपा-ओपा नावाचे अंडाकृती सजीव अंतराळयान हा या खेळाचा नायक आहे. फिकट गुलाबी, पोपटी आणि आकाशी रंगांत रंगवलेल्या ग्रहांवर उडत शत्रूचे तळ उद्ध्वस्त करणे आणि त्यातून मिळणाऱ्या नाण्यांनी दुकानातून शस्त्रे विकत घेणे, असे त्याचे स्वरूप आहे. गोंडस चित्रशैलीच्या शूटर खेळांना इंग्रजीत ‘क्यूट-एम-अप’ असे गमतीदार नाव आहे. कोनामी कंपनीच्या ट्विनबी (१९८५) या खेळाबरोबर फँटसी झोनची गणना या प्रकाराच्या आद्य उदाहरणांत होते.

गोंडस चित्रांमुळे हा खेळ लहान मुलांसाठी असावा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो बराच कठीण आहे. शस्त्रे वाटेत आपोआप मिळण्याऐवजी पैसे मोजून घ्यावी लागतात, आणि कोणत्या वेळी काय घ्यावे याचा निर्णय खेळाडूवर सोपवलेला असतो, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

जपानमधील आर्केड उद्योगाला नेमबाजीच्या खेळांनी मोठे केले. टायटो कंपनीच्या स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) या खेळात पडदा स्थिर होता. खेळाडूची तोफ खालच्या बाजूस डावी-उजवीकडे सरके आणि परग्रहवासीयांच्या रांगा वरून खाली येत. पुढील काही वर्षांत पडदा स्वतःच सरकू लागला. पार्श्वभूमी एका दिशेने वाहत राहते आणि त्यामुळे यान पुढे जात असल्याचा भास होतो. या तंत्रावर आधारलेल्या खेळांना स्क्रोलिंग शूटर म्हणतात. कोनामीचा स्क्रॅम्बल (१९८१) आडवा सरकत असे, तर नामकोचा झेव्हियस उभा.

या खेळांचे जग बहुधा काळ्या आकाशाचे, राखाडी धातूचे आणि गंभीर होते. १९८५ साली कोनामीने ग्रेडियस प्रकाशित केला आणि शस्त्रवाढीची एक नवी पद्धत रूढ केली. शत्रूंनी टाकलेल्या कुप्या गोळा केल्या, की पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर खूण पुढे सरकते आणि खेळाडू हवे ते सामर्थ्य निवडतो. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या ट्विनबीने ढगांमधून निघणाऱ्या रंगीत घंटा आणि हात-पाय असलेली याने आणली. फँटसी झोन या दोन्हींच्या पाठोपाठ आला आणि त्याने शस्त्रवाढीच्या प्रश्नाला तिसरे उत्तर दिले, ते म्हणजे बाजार.

खेळाच्या रचनेचे मूळ मात्र एका अमेरिकी खेळाशी जुळते. विल्यम्स कंपनीच्या डिफेंडर (१९८१) या खेळात यान डावीकडे किंवा उजवीकडे, हव्या त्या दिशेने उडवता येई, रणभूमी वर्तुळाकार असे आणि तिचा छोटा नकाशा पडद्यावर दिसत असे. फँटसी झोनमध्ये या तिन्ही गोष्टी आढळतात. बहुतेक समकालीन शूटर खेळांत पडदा खेळाडूला ओढत नेत असे. येथे खेळाडू पडद्याला नेतो.

‘फँटसी झोन’ हे नाव सेगाच्या चाहत्यांना आधीपासून परिचित होते. १९८५ च्या स्पेस हॅरियर या खेळाच्या आरंभी यंत्रातून येणारा आवाज खेळाडूचे फँटसी झोनमध्ये स्वागत करतो. दोन्ही खेळ दिसायला आणि खेळायला अगदी वेगळे असले, तरी त्यांचे विश्व एकच मानण्याची प्रथा पुढे पडली.

खेळाचे स्वरूप

खेळाडूजवळ एक जॉयस्टिक आणि दोन बटणे असतात. एका बटणाने ओपा-ओपा समोर गोळ्या झाडतो, तर दुसऱ्याने खाली बॉम्ब टाकतो. जॉयस्टिक उलट दिशेला वळवली की तो तोंड फिरवतो आणि पडदाही त्या दिशेने सरकू लागतो. फेरीची भूमी सलग आणि वर्तुळाकार आहे. एकाच दिशेने उडत राहिल्यास खेळाडू फिरून मूळ ठिकाणी येतो. जमिनीला स्पर्श झाल्यास यान फुटत नाही. ओपा-ओपाला दोन पाय फुटतात आणि तो तुरुतुरु चालू लागतो. पुढे अनेक वर्षे हे दृश्य या खेळाची ओळख बनून राहिले.

प्रत्येक फेरीत शत्रूचे काही मोठे तळ हवेत तरंगत असतात. त्यांतून लहान शत्रू सतत बाहेर पडतात. एका तळावर पुरेसे वार झाले की तो फुटतो आणि त्यातून मोठे नाणे बाहेर पडते. किती तळ उरले आहेत आणि ते कोणत्या बाजूला आहेत, हे पडद्याच्या तळाशी असलेल्या रडारवर दिसते. सर्व तळ नष्ट झाले की त्या ग्रहाचा प्रमुख शत्रू, म्हणजे बॉस, समोर येतो.

तळ कोणत्या क्रमाने फोडावेत यावर कोणतेही बंधन नाही. हे स्वातंत्र्य वाटते तितके सुखाचे नाही. लहान शत्रूंच्या तुकड्या पुढून येतात तशा मागूनही येतात आणि ओपा-ओपा एका वेळी एकाच दिशेला गोळी झाडू शकतो. शत्रूचा किंवा त्याच्या गोळीचा एकच स्पर्श प्राणघातक ठरतो. एका दिशेने वाहणाऱ्या शूटरमध्ये शत्रूंचा क्रम पाठ करून निभावता येते. येथे खेळाडूच्या प्रत्येक वळणाबरोबर परिस्थिती बदलते, त्यामुळे पाठांतराचा उपयोग मर्यादित राहतो.

दुकान आणि पैसा

पराभूत शत्रू नाणी टाकतात. ही नाणी आपोआप खेळाडूच्या खात्यात जमा होत नाहीत. ती खाली पडतात, थोडा वेळ राहतात आणि नाहीशी होतात. म्हणजे शत्रू मारणे आणि कमाई करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नाणे पकडण्यासाठी अनेकदा गर्दीत शिरावे लागते, आणि त्या धावपळीत जीव गमावण्याची वेळ नवख्या खेळाडूवर हमखास येते.

साठवलेले पैसे खर्च करण्यासाठी दुकानात जावे लागते. दुकान म्हणजे पडद्यावर तरंगणारा, त्यावर ‘शॉप’ असे लिहिलेला लाल फुगा. त्याला स्पर्श केला की लढाई थांबते आणि वस्तूंची यादी उघडते. मालाचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला इंजिनांचा: मोठे पंख, जेट, टर्बो आणि रॉकेट अशा चढत्या क्रमाने वेग वाढतो. दुसरा गोळ्यांचा: रुंद किरण, लेसर आणि एकाच वेळी सात दिशांना जाणारा मारा. तिसरा बॉम्बचा: जुळे बॉम्ब, आगीचे बॉम्ब, पडद्यावरील शत्रूंवर एकदम परिणाम करणारे ‘स्मार्ट’ बॉम्ब, आणि आकाशातून कोसळणारे सोळा टनांचे अवजड वजन. याखेरीज एक जादा ओपा-ओपा, म्हणजेच एक जादा जीवही विकत मिळतो.

या दुकानाचे नियम खेळाला खरी धार देतात. शक्तिशाली गोळ्या ठरावीक वेळच टिकतात. वेळ संपताच ओपा-ओपा पुन्हा साध्या गोळीवर येतो, मग समोर कितीही मोठे संकट असो. प्रबळ बॉम्बही वापरले की संपतात. इंजिन तुलनेने टिकाऊ असते, पण जीव गेला की तेही जाते आणि ते पुन्हा विकत घ्यावे लागते. शिवाय एखादी वस्तू जितक्या वेळा घ्यावी, तितकी तिची किंमत वाढत जाते. जादा जीवाच्या बाबतीत ही वाढ विशेष जाचक आहे; सुरुवातीला आवाक्यात वाटणारी किंमत थोड्याच खरेदींनंतर आवाक्याबाहेर जाते. गरजवंताला माल महाग मिळतो, हा बाजाराचा नियम या गुलाबी ढगांच्या जगातही चुकलेला नाही.

यामुळे खेळाडूला सतत हिशेब करावा लागतो. आताच लेसर घेऊन तळ झटपट फोडावेत, की साध्या गोळीने वेळ काढून पैसे पुढच्या बॉससाठी राखावेत? रॉकेट इंजिन घ्यावे, तर वेग इतका वाढतो की सरावाशिवाय यान आवरत नाही आणि शत्रूवर जाऊन आदळते. न घ्यावे, तर पुढच्या ग्रहांवरील वेगवान शत्रूंपासून सुटका होत नाही. काही बॉस अवजड वजनांच्या माऱ्याने फार लवकर कोसळतात, पण त्यासाठी आधीच्या फेरीत काटकसर केलेली असावी लागते. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला खेळ सोपा जातो. ज्याने जीव गमावला, त्याची शस्त्रेही गेलेली असतात आणि ती परत मिळवण्यासाठी लागणारी कमाई आता दुबळ्या यानाने करायची असते. हा दुष्टचक्राचा दोष त्या काळच्या अनेक शूटर खेळांत आहे. ग्रेडियसमध्येही एकदा यान गेले की सारे सामर्थ्य जाते. फरक इतकाच, की फँटसी झोनमध्ये हे नुकसान नाण्यांच्या आकड्यात मोजता येते.

ग्रह आणि बॉस

खेळात आठ फेऱ्या असून प्रत्येक फेरी एका ग्रहावर घडते: प्लालीफ, ताबास, ला ड्यून, डोलिमिका, पोलारिया, मॉकस्टार, पोकारियस आणि सालफार. प्रत्येक ग्रहाची रंगसंगती, भूदृश्य आणि संगीत निराळे आहे. प्लालीफ हिरवागार आहे, ला ड्यून वाळवंटी आणि पोलारिया हिमाच्छादित.

पहिल्या फेरीचा बॉस स्टॅम्पारॉन हा लाकडाचा प्रचंड ओंडका असून तो पाने फेकून मारा करतो. बॉसची चित्रे मोठी, ठसठशीत आणि विनोदी आहेत. प्रत्येकाची लढण्याची रीत वेगळी असून नेमका मर्मस्थानी प्रहार करावा लागतो. हरलेल्या बॉसमधून नाण्यांचा पाऊस पडतो आणि तो शक्य तेवढा झेलणे ही पुढील फेरीची पूर्वतयारी असते. आठव्या फेरीत तळ नाहीत. आधीचे सातही बॉस एकामागून एक पुन्हा समोर येतात आणि त्यानंतर अंतिम शत्रूशी गाठ पडते.

कथानक

आर्केड खेळांना त्या काळी कथानकाची फारशी गरज नसे. ‘परग्रहवासी आले आहेत, त्यांना मारा’ एवढे पुरत असे. फँटसी झोनचे कथानकही थोडक्यातच सांगितलेले आहे, पण त्याचा विषय अनपेक्षित आहे. ते एका आर्थिक संकटाने सुरू होते. ग्रहांचा पैसा लुटला जात आहे, आंतरग्रहीय चलनव्यवस्था कोलमडली आहे आणि ठिकठिकाणी मंदी आली आहे. मेनॉन या ग्रहाच्या सैन्याने हा पैसा आपली लष्करी ताकद उभारण्यासाठी पळवल्याचे उघड होते आणि त्याला रोखण्याचे काम ओपा-ओपावर येते.

खेळातील नाण्यांचा अर्थ या संदर्भात बदलतो. तळांतून आणि बॉसमधून उसळणारा पैसा म्हणजे लुटलेलाच पैसा आहे आणि ओपा-ओपा तो परत मिळवून त्याच पैशाने शस्त्रे घेत पुढे सरकतो. शेवटी मेनॉनच्या सैन्याचा सूत्रधार दुसरा कोणी नसून ओपा-ओपाचा फार पूर्वी दुरावलेला पिता आहे, हे कळते. विजयाच्या क्षणी नायकाच्या मनात आनंद आणि दुःख यांचे मिश्रण असल्याचे समारोपात सूचित केले आहे. रंगीबेरंगी खेळाचा असा शेवट १९८६ मधील खेळाडूंना निश्चितच अनपेक्षित होता.

सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच औद्योगिक राष्ट्रांमध्ये चलनविषयक करार झाला. त्यानंतर येनचे मूल्य झपाट्याने वधारले आणि १९८६ साली निर्यातीवर अवलंबून असलेल्या जपानी उद्योगांना त्याची झळ बसली. चलनाचे प्रश्न त्या वर्षी जपानमध्ये रोजच्या चर्चेत होते. खेळाला या घटनांवरील भाष्य मानणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु चलनसंकटाने सुरू होणारी ही कथा त्याच काळातील आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दृश्यरचना आणि तंत्र

फँटसी झोन सेगाच्या ‘सिस्टीम १६’ या सर्किट बोर्डावर चालतो. या बोर्डात मोटोरोलाचा ६८००० हा मुख्य प्रक्रियक असून ध्वनीसाठी झायलॉगचा झेड-८० हा स्वतंत्र प्रक्रियक आणि यामाहाची ध्वनिचिप वापरली आहे. पार्श्वभूमीचे दोन थर वेगवेगळ्या गतीने सरकवण्याची सोय त्यात होती. जवळचा थर वेगाने आणि दूरचा थर मंद गतीने सरकला, की सपाट पडद्यावर खोलीचा आभास निर्माण होतो. धावत्या आगगाडीतून पाहताना रुळालगतचे खांब झपाट्याने मागे पडतात आणि दूरचा डोंगर जवळजवळ स्थिर दिसतो, त्यातलाच हा प्रकार.

या सामर्थ्याचा उपयोग इशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूची चमक दाखवण्यासाठी केला नाही. त्यांनी काळ्या अवकाशाला पूर्णपणे फाटा दिला. आकाश मोतिया किंवा फिकट जांभळे, झाडे खेळण्यातल्यासारखी, शत्रू फुगे, फुले किंवा जेलीसारखे. गडद पार्श्वभूमीवर पांढरी गोळी लगेच दिसते. फिकट आणि बहुरंगी पार्श्वभूमीवर ती हरवण्याचा धोका असतो. हा धोका खेळात पूर्णपणे टळलेला नाही. गर्दीच्या वेळी लहान गोळ्या नजरेतून निसटतात आणि काही वेळा मृत्यू कशाने आला हेच उमगत नाही. खेळाच्या काठिण्याचा काही भाग या सौंदर्याची किंमत आहे, असे म्हणता येईल.

संगीत

हिरोशी कावागुची सेगामध्ये प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले आणि नंतर संगीतरचनेकडे वळले. हँग-ऑन व स्पेस हॅरियर या १९८५ मधील खेळांचे संगीत त्यांचेच, आणि फँटसी झोनच्याच वर्षी आलेल्या आउट रन या मोटार शर्यतीच्या खेळातील गाजलेल्या धूनही त्यांच्याच. फँटसी झोनमध्ये त्यांनी युद्धाला साजेशी गंभीर धून टाळली आणि लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताकडे झुकणाऱ्या, उड्या मारत चालणाऱ्या तालांची निवड केली. पहिल्या ग्रहावर वाजणाऱ्या धूनला नायकाचेच नाव दिले आहे. दुकानात वेगळी धून वाजते, त्यामुळे लढाईतून दुकानात जाणे म्हणजे क्षणभर एका वेगळ्या ठिकाणी विसावणे वाटते. बॉस येताच मात्र सूर बदलतो आणि ताण वाढतो. जुन्या जपानी खेळसंगीताच्या चाहत्यांमध्ये या रचना आजही लोकप्रिय आहेत.

घरगुती आवृत्त्या

सेगाने १९८६ मध्येच आपल्या मार्क-३ या घरगुती कन्सोलसाठी फँटसी झोनची आवृत्ती काढली. जपानबाहेर हे कन्सोल मास्टर सिस्टीम या नावाने विकले गेले. आठ बिटांच्या या यंत्रात पार्श्वभूमीचा एकच थर उपलब्ध असल्याने आर्केडमधील खोलीचा आभास गेला. बॉसच्या लढाईत मागचे भूदृश्य नाहीसे होऊन साधा रंग उरतो, कारण एवढे मोठे चित्र पार्श्वभूमीच्या तुकड्यांतूनच जुळवावे लागे. तरीही खेळाचा गाभा टिकून राहिला, कारण तो चित्रांपेक्षा दुकानाच्या नियमांत होता.

प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या फॅमिकॉमसाठीही हा खेळ आला. जपानमध्ये सनसॉफ्ट कंपनीने १९८७ मध्ये तो प्रकाशित केला. अमेरिकेत टेंगेन या कंपनीने १९८९ मध्ये निन्टेंडोच्या परवान्याशिवाय एक निराळी आवृत्ती विकली. याशिवाय एमएसएक्स, पीसी इंजिन (१९८८) आणि शार्प एक्स-६८००० (१९८९) या यंत्रांवरही तो उपलब्ध झाला. यांपैकी एक्स-६८००० मध्ये आर्केड बोर्डाप्रमाणेच ६८००० हा प्रक्रियक होता. १९९७ साली सेगा सॅटर्नवर ‘सेगा एजेस’ मालिकेत त्याचे पुनःप्रकाशन झाले. २००३ साली प्लेस्टेशन २ वर त्रिमितीय आकृत्या वापरून केलेली नवी आवृत्ती आली.

पुढील भाग

फँटसी झोन २ (१९८७) याचे उपशीर्षक ‘ओपा-ओपाचे अश्रू’ असे आहे. हा भाग आधी मार्क-३ साठी तयार झाला आणि नंतर आर्केडमध्ये गेला; त्या काळी क्रम बहुधा उलटा असे. यात प्रत्येक ग्रह अनेक विभागांत वाटलेला असून त्यांमध्ये ये-जा करण्यासाठी द्वारे आहेत, त्यामुळे तळ शोधण्याला भटकंतीचे स्वरूप येते. त्याच वर्षी भूलभुलैयाच्या धर्तीवरील एक खेळही निघाला. पॅकमॅनशी जवळीक असलेल्या या खेळातही नाणी आणि खरेदी आहेच. १९९१ मध्ये गेम गिअर या हातात धरायच्या यंत्रासाठी एक भाग आला आणि १९९२ मध्ये सनसॉफ्टने मेगा ड्राइव्हसाठी सुपर फँटसी झोन तयार केला. स्पेस हॅरियरशी सांगड घालणारा ‘स्पेस फँटसी झोन’ हा पीसी इंजिनसाठीचा खेळ मात्र प्रकाशितच झाला नाही.

या मालिकेतील सर्वांत विलक्षण भाग पहिल्या खेळानंतर बावीस वर्षांनी आला. दुसरा भाग मुळात कमी क्षमतेच्या यंत्रासाठी बनल्यामुळे तो पहिल्याइतका देखणा नव्हता. तो १९८७ मध्येच सिस्टीम १६ वर तयार झाला असता तर कसा दिसला असता, या कल्पनेतून जपानच्या एम-टू या संस्थेने २००८ मध्ये त्याची संपूर्ण नवी आवृत्ती घडवली. ती प्लेस्टेशन २ वरील फँटसी झोनच्या संग्रहात समाविष्ट झाली. नवीन यंत्राच्या सोयी वापरण्याऐवजी निर्मात्यांनी जुन्या बोर्डाच्या मर्यादा स्वतःवर घालून घेतल्या. केवळ स्मृतिक्षमता वाढवून घेतली.

ओपा-ओपा आणि नंतरचा प्रभाव

ओपा-ओपाला सेगाचे पहिले बोधपात्र मानले जाते. ही जागा लवकरच ॲलेक्स किडकडे गेली आणि १९९१ पासून सॉनिक या निळ्या साळिंदरासारख्या पात्राने ती कायमची व्यापली. तरी सेगाच्या इतर खेळांत ओपा-ओपा अधूनमधून पाहुणा म्हणून दिसतो. रचनाकार इशी पुढे सेगातून बाहेर पडले आणि आर्टून या खेळनिर्मिती संस्थेचे प्रमुख झाले.

गोंडस शूटरचा प्रवाह जपानमध्ये १९९० च्या दशकात बहरला. कोनामीने आपल्याच ग्रेडियसची टिंगल करणारी पॅरोडियस ही मालिका १९८८ मध्ये सुरू केली. १९९१ मध्ये चेटकिणीला नायिका बनवणारे कॉटन आणि मॅजिकल चेस हे खेळ आले. यांपैकी मॅजिकल चेसमध्ये खेळाच्या मधोमध दुकान उघडते आणि गोळा केलेल्या संपत्तीतून शस्त्रे घेता येतात. कॅपकॉमच्या फरगॉटन वर्ल्ड्स (१९८८) या गंभीर शैलीच्या शूटरमध्येही अशीच दुकाने आहेत. शत्रूकडून पैसा मिळवणे आणि लढाईच्या मध्येच खरेदी करणे ही कल्पना शूटर प्रकारात रुजली, हे या उदाहरणांवरून दिसते.

मूळ खेळाच्या अलीकडील आवृत्त्यांत बदल झाले, तेही पैशाच्याच बाबतीत. एम-टूने निन्टेंडो ३डीएससाठी केलेल्या आवृत्तीत (जपानमध्ये २०१४) एका खेळातील कमाई साठवून ती पुढच्या खेळाच्या आरंभी वापरता येते. त्यामुळे वारंवार हरणारा खेळाडूही हळूहळू श्रीमंत होत जातो आणि कधीतरी शेवटच्या ग्रहापर्यंत पोहोचतो. याच आवृत्तीत ओपा-ओपाचा धाकटा भाऊ उपा-उपा याला निवडल्यास दुकानाची गरजच उरत नाही. शस्त्र हवे तेव्हा जागच्या जागी बदलता येते आणि त्याचे मोल साठ्यातून वजा होते. मुरलेल्या खेळाडूंना पहिली सोय अति उदार वाटू शकते. १९८६ मध्ये मात्र असा साठा नव्हता: जीव संपले की जमवलेले सारे पैसे जात आणि पुन्हा सुरुवात करण्यासाठी यंत्रात खरे नाणे टाकावे लागे. २०१९ मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि २०२२ मध्ये मेगा ड्राइव्ह मिनी २ या छोट्या यंत्रात हा खेळ पुन्हा उपलब्ध झाला; त्यांपैकी दुसरी आवृत्ती मेगा ड्राइव्हसाठी नव्याने लिहिलेली आहे.